बांगड्याच्या वाढीचा वक्र काढायला सायपायचं ‘कर्व्ह फिट’ कसं आहे?

मिरकरवाड्याला किंवा मालवणला मापलेल्या बांगड्यांच्या वय-लांबीवरून बेर्टालान्फी वक्र काढायचा, तर पायथन या संगणक-भाषेच्या सायपाय संग्रहातलं, आकड्यांवर वक्र बसवणारं हे साधन बिनधास्त वापरा. या वक्राचं सूत्र असं: लांबी = एल-इन्फिनिटी × (१ वजा ई चा घात), आणि घातांक म्हणजे उणे के × (वय वजा टी-झिरो). एल-इन्फिनिटी ही वाढ थांबते ती लांबी, के हा तिथवर पोचण्याचा वेग, टी-झिरो हे लांबी शून्य धरलेलं वय. फुकट आहे, झटपट आहे. फक्त सुरुवातीचे अंदाज, म्हणजे पी-झिरो, त्याच्यावर सोडू नका.

आत लेव्हेनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांचा अल्गोरिदम आहे. गाउस-न्यूटनची उडी (वक्र सरळ मानून थेट उत्तराकडे टाकलेलं पाऊल) फसली आणि चुकांच्या वर्गांची बेरीज वाढली, की लॅम्डा, म्हणजे पावलाचा ब्रेक, वाढतो, पाऊल आखूड पडतं. बेरीज घटली की लॅम्डा उतरतो. उत्तराच्या आसपास असाल तर हे फार सुरेख चालतं.

लांब असाल तर नाही. पी-झिरो दिला नाही की तिन्ही अंदाज १ धरले जातात. कानखड्यावरची (माशाच्या कानातल्या खड्यावरची) रोजची वलयं मोजून वय दिवसांत भरलंत, तर ६० दिवसांच्या पिल्लालाही घातांक उणे ५९ येतो. संगणकाच्या लेखी १ वजा तेवढी चिमूट म्हणजे १च. मग के आणि टी-झिरो कितीही हलवा, वक्र ढिम्म हलत नाही. दोघं १वरच राहतात, एल-इन्फिनिटीच्या जागी लांबीची निव्वळ सरासरी येते आणि पीकोव्हमध्ये (अंदाजांची अनिश्चितता दाखवणाऱ्या तक्त्यात) सगळीकडे इन्फ, म्हणजे अनंत, दिसतं. सोबतची वॉर्निंग बरेच जण वाचतच नाहीत! वय वर्षांत घ्या. सर्वांत मोठा मासा २६ सेंमीचा असेल तर अंदाज एल-इन्फिनिटी २८, के १, टी-झिरो ० असे द्या.

दुसरी अडचण साधनाची नाही, नमुन्याची. एकाच आसाच्या (छिद्राच्या मापाच्या) जाळ्यातले मासे एकाच मापाचे येतात आणि पावसाळी बंदीत नमुना तुटतो. मोठे मासे नसले की एल-इन्फिनिटी भरमसाट फुगते आणि के तेवढाच खाली येतो, कारण दोघांची जोडी घट्ट उलटी बांधलेली. पीकोव्हवरून सहसंबंध काढा, उणे ०.९९च्या आसपास असेल तर त्या आकड्यांवर साठ्याचा हिशोब मांडू नका.

बाउंड्स, म्हणजे अंदाजांच्या हद्दी, दिल्या की पद्धत आपोआप टीआरएफ (हद्दी पाळणारी दुसरी पद्धत) होते. तेव्हा उत्तर नेमकं हद्दीवर चिकटलंय का, ते पाहाच. वलयं मोजण्यातल्या ढोबळ चुकांसाठी त्याच टीआरएफला लॉस (चुकांना किती वजन द्यायचं तो नियम) ‘सॉफ्ट-एल-वन’ द्या. एफ-स्केल (मोठी चूक कुठून धरायची ती सीमा) १ ठेवलं तर १ सेंमीपलीकडच्या चुकांचा जोर ओसरतो. ‘एलएम’ला, म्हणजे वरच्या लेव्हेनबर्ग-मार्क्वार्टला, हद्दी आणि लॉस हे दोन्ही जमत नाही, आणि बंदरावरच्या आकड्यांसाठी म्हणूनच माझी पसंती टीआरएफला.