प्रीफ्लॉप सरावाचे ॲप: सुरुवातीच्या जागांवरून री-रेझ शिकण्यापुरते परीक्षण

सॉल्व्हरने (सर्वोत्तम चाली गणिताने काढणाऱ्या संगणक-प्रणालीने) काढलेल्या तक्त्यांवर पोकरच्या प्रीफ्लॉपचा, म्हणजे टेबलावर सामायिक पाने उघडण्याआधीच्या बोलींचा, सराव करून घेणारे, मासिक वर्गणीचे एक ॲप मी काही महिने वापरत आहे. येथे त्यातील एकाच भागाविषयी लिहितो: ‘अंडर द गन’ बसलेल्या, म्हणजे सर्वांत आधी बोलणाऱ्या, खेळाडूने रेझ केल्यावर (पैज वाढवल्यावर) त्याच्या लगतच्या खुर्चीवरून री-रेझ, म्हणजेच थ्री-बेट, कोणत्या पानांवर करावी.

सहा जणांच्या टेबलावर, प्रत्येकापुढे 100 बिग ब्लाइंड (पाने पाहण्याआधी भरायची मोठी सक्तीची पैज; रकमा तिच्या पटीत मोजतात) असताना, पहिला खेळाडू सहातला साधारण एकच हात खेळायला घेतो. त्याच्यावर चढवायचे तर आपली पाने त्याहून निवडक हवीत, आणि ॲप याबाबत सवलत देत नाही. राणीच्या जोडीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा हा तक्त्याचा गाभा. नुसता कॉल (समोरच्याची पैज तेवढीच भरणे) जवळजवळ नाहीच, कारण पाठीमागे चार जण बोलायचे असतात आणि फ्लॉप (पहिली तीन सामायिक पाने) पाहिला की रेकही (टेबल चालवणाऱ्याचा वाटा) कापला जातो.

खरी गंमत ब्लफच्या पानांत आहे. एक्का-गुलाम ऑफसूटवर (दोन वेगळ्या चिन्हांची पाने) मी थ्री-बेट दाबली, तर ॲपने ती चूक ठरवली. एक्का-पंजी सूटेडला (एकाच चिन्हाची पाने) मात्र हिरवा कंदील. खाली दिलेले स्पष्टीकरण नेमके आहे: आपल्या हाती एक एक्का आला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे 6 प्रकार 3 वर येतात आणि एक्का-राजाचे 16 प्रकार 12 वर. हे दोन्ही हातांना लागू आहे, पण कॉल आल्यावर एक्का-गुलाम बहुधा एक्का-राजा किंवा एक्का-राणीखाली दबतो, तर एक्का-पंजीला फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) आणि स्ट्रेट (ओळीने पाच पाने) दोन्हींची वाट मोकळी राहते.

जे ठळक हवे होते ते मात्र सेटिंग्जमध्ये दडले आहे. अडीच ब्लाइंडच्या रेझवर आपण 8 घातले, तर 4 (अडीच रेझचे आणि दीड सक्तीच्या दोन ब्लाइंडचे) जिंकण्यासाठी 8 पणाला लागतात. म्हणजे निव्वळ ब्लफ असेल तर सगळ्यांनी मिळून तीनातून दोनदा पाने टाकली पाहिजेत. समोरचा अचूक खेळतो असे तक्ता गृहीत धरतो, पण हे पडद्यावर कुठेच ठसत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी घालणारा कायदा झाल्यापासून इथल्या वाचकाला हा अभ्यास वापरायची जागा म्हणजे मुख्यतः पणजीला मांडवीत उभी असलेली कॅसिनो जहाजे. तिथे टेबल नऊ जणांचे असले, तर त्याच खुर्चीमागे सात खेळाडू उरतात, आणि हौसेने आलेला पर्यटक एक्का-दश्शी सोडायला सहसा तयार नसतो. अशा टेबलावर ब्लफची पाने बाजूला ठेवून फक्त तगड्या हातांवर, तेही थोडी मोठी, थ्री-बेट करणे मला शहाणपणाचे वाटते.

नऊ जणांचे तक्ते महागड्या प्लॅनमध्ये आहेत, ही माझी मुख्य तक्रार. सहा जणांच्या तक्त्यांसाठी एका महिन्याची वर्गणी पुरे. वार्षिक भरू नये.