गुऱ्हाळावरच्या भाजण्याला पॅराफिनची जाळी: चांगली, पण नीट लावली तर

करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळांवर काहिलीतला पाक ११५ अंशांपुढे तापतो आणि अंगाला चिकटून राहतो, म्हणून चटका खोल उतरतो. १० बाय १० सेंटीमीटरची, ०.५ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असलेली पॅराफिनची जाळी (व्हॅसलीनसारख्या मऊ पॅराफिनमध्ये भिजवलेलं जाळीदार कापड) इथं कोरड्या गॉजपेक्षा सरस. पट्टी बदलताना नवं कातडं सोलून निघत नाही. मात्र आधी २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. चिकटलेला पाक ओढायचा नाही, पाण्यानंच सुटू द्यायचा. (टूथपेस्ट कपाटातच राहू दे.) जाळीवर जाड पॅड हवाच, पट्टी फार दिवस तशीच ठेवली तर जाळी सुकते, मांस तिच्या भोकांत वाढतं आणि काढताना रक्त येतं. साध्या गॉजपेक्षा महाग, तरी घ्यावी. चेहरा, तळहात किंवा सांधा भाजला असेल तर थेट कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय गाठा.