उदयपूरची 'आपके हिसाब से' ट्रिप आणि माझे ३७,६६८ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणाला 'असतील दोन-पाच हजार' असं वाटायला नको. ३७,६६८ रुपये. त्यातले १७,९०८ गाडीवाल्याने नेले, १८,५०० एका कापडाच्या तुकड्यावर गेले आणि १,२६० गुलकंद-गुलाबपाण्यावर. गुलकंद तेवढा खरा निघाला.

मी नाशिकचा. एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली, शेवटची नऊ पासिंग ऑफिसर म्हणून. चेकवरची सही जुळत नसेल तर तो परत करायचा, हे माझं काम. हे मुद्दाम लिहितोय, कारण घरी आल्यापासून मला दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर हेच वाढलं जातंय.

खासगी गाडी का केली, हेही विचारून झालंय. माझी आई ७८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. 'वीस मिनिटांत बसमध्ये परत या' हा प्रकार तिला जमणारा नाही. आम्ही पाच माणसं: आई, आम्ही दोघं, साडू आणि मेहुणी. हॉटेलवाल्याने दिवसाला ५,५०० सांगितले. साडूच्या ऑफिसातून फॉरवर्ड होत आलेल्या नंबरवाल्याने ४,२०० सांगितले. इनोव्हाचे फोटो पाठवले, चकचकीत पांढरी गाडी. 'आपके हिसाब से ट्रिप बनाएँगे, माताजी जहाँ बोलेंगी वहाँ रुकेंगे.' तीन दिवसांचे १२,६००, सगळं धरून, पार्किंग तेवढं आमचं, किलोमीटर 'अनलिमिटेड'. हे सगळं फोनवर. लेखी एवढंच आलं: '३ डे इनोव्हा कन्फर्म', पुढे हात जोडलेले दोन.

ॲडव्हान्स ५,००० मागितला, आणि मला रात्री आठवतो तो हाच क्षण. मी भाजीबाजारात उभा, एका हातात मेथीची जुडी असलेली पिशवी, दुसऱ्यात फोन. नंबर टाकला तर स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणूच शकत नाही, कारण मी फोन लावून विचारलंसुद्धा. 'भाभीजी का खाता है साहब, मेरा आज का लिमिट हो गया.' आता सांगा, पैसे मागणारा एक आणि खातं दुसऱ्याचं, असा व्यवहार मी एकतीस वर्षांत एकदाही पास केलेला नाही. समोर शाखाधिकारी उभे असते तरी केला नसता. आणि स्वतःचे पैसे होते तेव्हा मागची बाई 'ओ काका, सरका' म्हणाली म्हणून मी घाईने पिन टाकून मोकळा झालो.

यांचं तंत्र तुम्हाला ठाऊक असेलच. बोलणारा एक, गाडी आणणारा दुसरा, पैसे घेणारा तिसरा. तिघांपैकी कुणालाही धरायला गेलात तर तो म्हणणार, मी नव्हे तो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्या बाबतीत तसं असेल असं वाटलं नाही, एवढंच.

वांद्र्याहून रेल्वेने उदयपूरला पोचलो. सकाळी हॉटेलखाली इनोव्हा नव्हतीच. अर्टिगा उभी. 'इनोव्हा का सर्विसिंग निकल आया.' आणि नंबरप्लेट पांढरी, काळी अक्षरं. म्हणजे घरगुती गाडी. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी असते हे शाळेतल्या पोरालाही कळतं. अशा गाडीत पैसे देऊन बसायचं आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. मी साडूकडे पाहिलं, साडूने माझ्याकडे. पण आई तोवर काठी सांभाळत पुढच्या सीटवर बसली होती आणि तिला पुन्हा उतरवायचं म्हणजे दहा मिनिटं. बसलो. प्लेट पिवळी नसेल तर बसू नका. आई बसली असेल तर उतरवा.

पहिला दिवस नाथद्वाऱ्याचा. उदयपूरहून पन्नासेक किलोमीटर. आमचा बेत साधा होता: वाटेत एकलिंगजीचं शिवमंदिर, मग श्रीनाथजींचं, म्हणजे तिथल्या कृष्णाचं, दुपारचं राजभोग दर्शन, मग हल्दीघाटी. तिथे दिवसातून आठ दर्शनं असतात, प्रत्येक थोडाच वेळ, आणि राजभोगानंतर दार बंद होतं ते दुपारी उशिरापर्यंत. आमच्या शेजारच्या गुजराती काकूंनी आईला हे सगळं पढवून पाठवलं होतं. तर हा पठ्ठ्या म्हणाला, 'पहले हल्दीघाटी कर लेते हैं, मंदिर में भीड़ कम हो जाएगी.' ऐकायला शहाणपणाचं वाटलं. १५७६ साली जिथे महाराणा प्रताप अकबराच्या फौजेशी लढले ती खिंड आम्ही गाडीच्या काचेतून पाहिली. माती खरंच हळदीसारखी पिवळी आहे. उतरलो मात्र गुलाबाच्या दुकानात. त्या भागात गुलाबाची शेती होते, गुलकंद चांगला मिळतो, त्यात खोटं काही नाही. पण दीड तास? चहा, सरबत, अत्तराची काडी मनगटावर, मग पुन्हा चहा.

नाथद्वाऱ्याला पोचलो तेव्हा राजभोग आटोपून गेला होता. आई पायरीवर बसली. आणि मग तो अगदी हळुवार आवाजात म्हणाला, 'अब तीन-साढ़े तीन घंटे क्या करेंगे माताजी, मेरे चाचा का कारखाना है, पंखा है, आराम से बैठिए.'

नंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. दर्शन चुकलं नव्हतं, चुकवलं होतं. बंद दार आणि थकलेली म्हातारी, गिऱ्हाईक पंख्याखाली आणायला याहून सोपा रस्ता कुठला?

नाथद्वारा पिछवाईसाठी प्रसिद्ध. श्रीनाथजींच्या मागे लावायचा चितारलेला कापडी पडदा. 'चाचां'च्या खोलीत एक मुलगा मांडी घालून खारीच्या केसांच्या ब्रशने एका गाईचा डोळा रंगवत होता. तो डोळा खरा होता, मी अगदी जवळून पाहिला. शंका घेणार कशी? पण बांधून दिली ती पिछवाई दुसरीच, आतल्या खोलीतून आणलेली, गाई आणि कमळांची. सांगितले ३२,०००, दिली १८,५०० ला, आणि घासाघीस जिंकल्याच्या आनंदात मी बाहेर पडलो. पावती? 'कच्ची दे देते हैं.' नाशिकला फ्रेमवाल्याने भिंग धरलं आणि मला डोळा लावायला सांगितलं. कमळाच्या पाकळीत गुलाबी ठिपकेच ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. छापील. वरून सोनेरी रेघा तेवढ्या हाताने ओढलेल्या. ड्रायव्हर ज्या दुकानात नेतो तिथे पाणीसुद्धा पिऊ नका.

संध्याकाळी एकलिंगजी राहूनच गेलं. 'देर हो गई.' डिझेलसाठी ३,००० रोख घेतले.

दुसरा दिवस कुंभलगड आणि रणकपूर. कुंभलगडाच्या ३६ किलोमीटरच्या तटबंदीबद्दल लिहीत बसत नाही. आई खालीच थांबली. रणकपूरच्या जैन मंदिरात मात्र ती एका खांबाला टेकून पाऊण तास बसली, १४४४ खांबांपैकी एकाला, आणि म्हणाली की आता मला कुठे नेलं नाहीत तरी चालेल. तो पाऊण तास मी हिशेबात धरत नाही.

परत आल्यावर ४१२ किलोमीटर झाले म्हणून सांगितलं. 'अनलिमिटेड' कुठे गेलं विचारलं तर म्हणे, रोज २५०, वरचे १६२ चौदा रुपयांनी. २,२६८. टोल-पार्किंग ७४०. स्वतःचा भत्ता ४००. एकूण ३,४०८. मेहुणीच्या फोनवर नकाशा चालू होता, तो सव्वादोनशेच्या वर जाईना. 'साहब, मीटर गैरेज से गैरेज चलता है.' मग याचं गॅरेज काय जोधपुरात आहे? सकाळी मीटरचा फोटो काढला असता तर तोंड उघडायची त्याची हिंमत झाली नसती. बँकेत रोख मोजल्याशिवाय गल्ला न उघडणारा मी, तिथे मीटर बघायचं सुचलं नाही. रात्रीचे साडेनऊ, आईची गोळ्यांची वेळ. दिले. दारात तमाशा नको म्हणून पैसे देणारी माणसं हीच यांची खरी कमाई आहे.

त्याच वेळी त्याने शेवटचा घाव घातला. उद्या चित्तोड, लांबचा पल्ला, तर उरलेले ४,६०० आत्ताच द्या आणि वर 'परमिट' म्हणून १,९००. मिळून ६,५००. क्यूआर पुढे केला. नाव आलं कुठल्याशा मोबाइल आणि किराणा दुकानाचं.

चित्तोड राजस्थानात आहे. उदयपूरही राजस्थानात आहे. राजस्थानची गाडी राजस्थानातच फिरणार, तर दुसऱ्या राज्यात शिरताना लागतं तसलं परमिट कशाचं? आणि पांढऱ्या प्लेटच्या घरगुती गाडीला कोण टूरिस्ट परमिट देतंय? हे सगळं मला जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर सुचलं. पैसे तोवर गेले होते.

सकाळी सात वाजता फोन बंद. आठला बंद. नऊला साडूच्या फोनवरून लावला तेव्हा वाजला आणि कट झाला. चित्तोडचा विजयस्तंभ आम्ही हॉटेलच्या खोलीत मोबाइलवर पाहिला.

आता पुढची कथा. जवळच्या ठाण्यात गेलो. सव्वा तास बाकावर. मग एकाने कागद उलटा-सुलटा करून विचारलं, 'दो दिन गाड़ी दिया ना?' दिली. 'घुमाया ना?' फिरवलं. 'तो धोखा कैसे? लेन-देन का मामला है.' म्हणजे पहिल्याच दिवशी लुटलं असतं तर गुन्हा, दोन दिवस सेवा देऊन लुटलं तर लेन-देन! पर्यटकांच्या मदत कक्षात गेलो. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. गाडीवाला त्यांच्याकडे नोंदलेला आहे का? नाही. मग त्या काहीच करू शकत नाहीत. नोंदलेला असता तर मी कशाला आलो असतो, बाई? एक माहितीपत्रक दिलं. त्यात चित्तोडचा फोटो होता.

घरी येऊन आमच्या इथल्या ठाण्यात. 'काका, घटना तिकडची, तक्रार तिकडे.' १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा असतो. प्रिंट घेऊन गेलो होतो, खाली पेनाने रेघ मारून. 'कलमं आम्हाला शिकवू नका.' अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी साहेब कोर्टात. तिसऱ्या दिवशी साहेब होते, तर शिक्का नव्हता! शिक्का एका कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. मी पाच चकरा मारल्या, रिक्षाचे ६०० रुपये वेगळे, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

बँकेत गेलो. समोरच्या पोराने नजर वर न करता विचारलं, 'पिन तुम्हीच टाकला ना, सर?' मी काही बोललो नाही. हे वाक्य मीच काउंटरवरून कितीतरी जणांना ऐकवलेलं आहे.

२०१९च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, उदयपूरला जावं लागत नाही, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. फॉर्म भरायला बसलो. पहिलाच रकाना विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता. काय लिहू? फोनवर बोलला त्याचं टोपणनाव? भाभीजी? किराणा दुकान? तीन दिवस तो रकाना रिकामाच आहे. म्हणून सांगतो, खात्याचं नाव आणि माणसाचं नाव जुळल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. गाडीचा नंबर आदल्या रात्री मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाकून बघा, घरगुती की व्यावसायिक, विमा आहे की नाही, दोन मिनिटांत कळतं. मी हे आल्यावर केलं. विमा संपलेला होता. त्या गाडीत माझी आई दोन दिवस पुढच्या सीटवर बसली होती.

ती म्हणते, जाऊ दे, श्रीनाथजी दिसले ना. संध्याकाळच्या गर्दीत अर्धा मिनिट दिसले, तेही साडूने तिला जवळजवळ उचलून धरलं म्हणून.

परवा साडूकडे कुणाचा तरी नवा फॉरवर्ड आला. 'जोधपुर-जैसलमेर, आपके हिसाब से.' नंबर वेगळा, इनोव्हाचा फोटो तोच. पहिल्यांदाच तो मोठा करून नीट पाहिला. गाडीच्या मागे ओळीने नारळाची झाडं आहेत.