कंपनीतल्या मंडळींचा ग्रुप: व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक की लिंक्डइन?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या ३००-४०० माणसांच्या कारखान्यात रोजच्या निरोपांसाठी व्हॉट्सॲपच घ्या. शॉपफ्लोअरपासून अकाउंट्सपर्यंत ते सगळ्यांकडे असतं. मांजलपूरची बस अर्धा तास उशिरा येणार किंवा रात्रपाळी बदलली, हे कळवायला दुसरं ॲप उतरवून घ्यायला लावलं तर निम्मे लोक ते उघडणारच नाहीत.

पण सगळ्यांचा मिळून एकच मोठा ग्रुप काढू नका, कम्युनिटी काढा. साध्या ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात आणि प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. नव्याने रुजू झालेल्या मुलीचा नंबर पहिल्याच दिवशी ३०० अनोळखी माणसांच्या हातात जातो. रात्री मेसेज येऊ लागले की ती गुपचूप बाहेर पडते आणि मग कामाचे निरोपही तिच्यापर्यंत पोचत नाहीत. कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये नव्या सूचना फक्त ॲडमिन टाकतात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. त्याखाली पाळीनुसार किंवा विभागानुसार छोटे ग्रुप करा. त्यांत मात्र नंबर दिसतात, म्हणून कुणाला परस्पर घालू नका. लिंक द्या, ज्याला यायचं तो येईल.

व्हॉट्सॲपची खरी दुखरी बाजू वेगळीच आहे. नोकरी सोडून गेलेल्याला ग्रुपमधून काढलं, तरी तोवरचे मेसेज आणि फोटो त्याच्या फोनमध्ये राहतात. त्यामुळे ड्रॉइंग, दरपत्रक, गिऱ्हाइकांची नावं तिथे टाकूच नयेत. ही माहिती बऱ्याचदा न कळत जाते. दसऱ्याला हार घातलेल्या मशीनचा फोटो टाकतात आणि मागच्या फळ्यावर महिन्याचं उत्पादन आणि पार्टीचं नाव खडूने लिहिलेलं असतं. फोटो मोठा केला की अक्षर न् अक्षर वाचता येतं. टाकण्याआधी कडा कापा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर निकालाचे आकडे जाहीर होण्याआधी ग्रुपवर येणं हा सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियमांखाली गंभीर मामला ठरू शकतो.

टेलिग्राम कागदपत्रांसाठी चांगलं. २ जीबीपर्यंतची फाइल जाते, ग्रुपमध्ये २ लाख सदस्य मावतात, नंबर लपवता येतो आणि सेटिंग चालू ठेवलं तर नव्या माणसाला जुनी परिपत्रकंही वाचता येतात. मात्र तिथले ग्रुप व्हॉट्सॲपसारखे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारे सोडून कुणालाच वाचता न येणारे, नसतात. मजकूर त्यांच्या सर्व्हरवर राहतो. पगार-आजारपणाच्या गोष्टींना ती जागा नव्हे.

निवृत्त आणि कंपनी सोडलेल्या मंडळींसाठी आमचं मत फेसबुकला. आयपीसीएल ही बडोद्याची पेट्रोकेमिकल कंपनी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली, कंपनीचं नावच गेलं. अशा ठिकाणच्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन नंबर बदललेले असतात, पण नावावरून माणूस फेसबुकवर सापडतो. जुने फोटो, पोस्ट शोधता येतात, काढलेल्या सदस्याला आतलं काही दिसत नाही. ग्रुप ‘प्रायव्हेट’ ठेवा आणि प्रवेशाला ३ प्रश्न लावा: कोणत्या साली लागलात, कोणता विभाग, ओळखणारे दोन सहकारी कोण. एम्प्लॉयी नंबर विचारू नका. उत्तरं न तपासता सगळ्यांना आत घेतलं, की महिन्याभरात विम्याच्या आणि प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात.

लिंक्डइन इंजिनिअर आणि मार्केटिंगवाल्यांपुरतं. ऑपरेटर, फिटर तिथे फारसे नसतात. भरती करणाऱ्यांचा वावर असल्याने लोक तोलूनमापून लिहितात. नोकरीच्या ओळखींसाठी ठीक, गप्पांसाठी नाही.

कुणी आक्षेपार्ह मजकूर टाकला तर ॲडमिन अडकेल, ही भीती अनेकांना असते. सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला निव्वळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरीही तक्रार आली की मेसेज लगेच काढावा.

कोणतंही ॲप घ्या, वेगवेगळ्या विभागांतले तीन ॲडमिन ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपचा एकुलता ॲडमिन बाहेर पडला, तर ॲप उरलेल्यांपैकी कुणालाही ॲडमिन करून टाकतं. फेसबुकसारखंच असलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा तिथल्या कम्युनिटीही बंद पडल्या, म्हणून संमती दिलेल्यांची नावं आणि संपर्क बाहेर एका वहीत ठेवा. राजीनामा दिलेल्याचा शेवटचा दिवस उजाडला की त्याच संध्याकाळी त्याला ग्रुपमधून काढा आणि आमंत्रणाची लिंकही रीसेट करा. जुनी लिंक चालू राहिली तर ती ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो.