सावंतवाडीची चितारआळी: गंजिफा मोजून घ्या, लाकडी फळं उलटी करून बघा

मोती तलावापासून बाजाराकडे निघालं की चितारआळी गाठायला फार वेळ लागत नाही. दुकानांच्या दारात लाकडी फळांच्या परड्या, वर टांगलेले खुळखुळे, आत पाट, चौरंग आणि देव्हारे. पर्यटक बहुधा एक परडी उचलतात, फोटो काढतात आणि गोव्याची वाट धरतात. घाई नसेल तर आळीत तास-दीड तास काढावा, कारण इथला माल एका दर्जाचा नाही. चितारी घराण्यांचं हातचं काम आणि बाहेरून आलेली यंत्रावरची खेळणी एकाच फळीवर मांडलेली असतात. दुकानदार लपवत नाहीत, पण विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. ‘ह्या हंयचा काय भायरचा?’ एवढं मालवणीत विचारलं तरी सरळ उत्तर मिळतं.

सर्वात मोलाची वस्तू गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. विसाव्या शतकात हा धंदा जवळजवळ बसला होता. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून तो शिकून घेतला आणि राजवाड्यातच पुन्हा उभा केला. आजही राजवाड्यात कारागीर बैठकीवर बसून पत्ते रंगवताना दिसतात. आधी तिथं जाऊन बारीक काम डोळ्यांखालून घालावं आणि मग आळीत खरेदीला यावं. उलटं केलं तर पहिला दिसेल तो जोड (म्हणजे पत्त्यांचा पूर्ण संच) चांगला वाटतो. सावंतवाडीच्या गंजिफेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन कलेला आहे, प्रत्येक डब्याला नाही. डबा आपणच तपासायचा.

दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पानं, म्हणजे एकूण 120. बारांत एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. जितकी किंमत तितकी चिन्हं. नवग्रह गंजिफा 108 पानांची आणि राशी गंजिफा 144 पानांची असते, पण खेळायला घेत असाल तर दशावतारीच घ्या. बाकीचे जोड बहुधा कपाटात जातात.

दुकानात डबा उघडून सरळ दहा ढीग करायला मागा. बारा-बारा भरले का हे कळतंच, शिवाय जमिनीचे रंगही पारखता येतात. इथं जमीन म्हणजे पत्त्याच्या पुढच्या बाजूला चित्रामागे असलेला सपाट रंग. हातात चाळीस पानं धरल्यावर प्रत्येकाची जेमतेम कडच दिसते, त्यामुळे खेळणारा रंग ओळखतो तो जमिनीवरूनच. शेंदरी आणि तांबडा, किंवा हिरवा आणि काळपट हिरवा असे दोन रंग एका जोडात शेजारी आले तर रात्री दिव्याखाली पंचाईत होते. स्वस्त जोडांतला हा सर्वात मोठा दोष, आणि तो दुपारच्या उजेडात दिसत नाही. ढीग दुकानाच्या आतल्या बाजूला नेऊन बघा.

मग नव्वी आणि दश्शी शेजारी ठेवा. चिन्हांची मांडणी नेटकी असेल तर न मोजता फरक कळतो. घाईच्या कामात दोन्ही सारख्याच गर्दीच्या दिसतात. सगळी पानं पालथी करून पाठीही बघा. पाठीवर लाखेचा एकरंगी हात असतो. त्यात एखाद्या पानावर ओघळ, डाग किंवा ब्रशचा केस अडकलेला असला तर ते पान दोन डावांत सगळ्यांना ओळखू येतं आणि जोड खेळायच्या कामाचा राहत नाही. शेवटी पन्नासेक पानांची चळत करून कडेवरून बोट फिरवा. बोट अडखळलं तर पानं एकाच मापाने कापलेली नाहीत, आणि बाहेर आलेल्या कडाच आधी झिजतात.

चित्रांत दरबारी आणि बाजारी असे दोन हात सरळ ओळखू येतात. दरबारी कामात राजाच्या पानावर अवताराचे दागिने, वस्त्राची किनार, चेहऱ्याची रेघ हे सगळं एका केसाच्या ब्रशाने काढल्यासारखं असतं. बाजारी जोडात आकृती दोन-चार फटकाऱ्यांत संपते. बाजारी म्हणजे वाईट नव्हे. उलट रोज खेळायला तोच बरा, कारण दरबारी जोड हातात घ्यायलाच जीव धजत नाही. छापील पत्तेही मिळतात. ते नियम शिकायला ठीक आहेत, पण हातकामाच्या भावात घेऊ नयेत. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, आणि तीन डबे उघडले तर प्रत्येकात मासा तंतोतंत त्याच जागी.

खेळ तिघांचा, चाळीस-चाळीस पानांचा. गोल पानं इंग्रजी पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो (पहिलं पान टाकतो), रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. एक रंग दुसऱ्याला कापत नाही, त्यामुळे सगळी मदार कुठलं पान पडून गेलं हे लक्षात ठेवण्यावर. राजा गेला की प्रधान मोठा, प्रधान गेला की पुढचं पान. नवशिक्याला फसवणारी गोष्ट अशी की पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. कुठले पाच कुठल्या बाजूला हे दुकानातच लिहून घ्या, नाहीतर घरी पहिल्याच डावाला भांडण ठरलेलं. काही डब्यांत नियमांचा कागद असतो, पण तो इतका त्रोटक की शेजारच्या आजोबांना विचारलेलं बरं.

जपणूक सोपी आहे. ओल्या किंवा तेलकट हातांनी रंग पुसट होतो. भज्यांची बशी डावापासून लांब. रबरबँड लावू नका, कडांना खाच पडते. कोकणातल्या पावसात पान वाकतं, म्हणून डब्याचं सरकतं झाकण नीट बसतं ना हे घेतानाच बघा आणि पावसाळाभर डबा भिंतीला लागून ठेवू नका. वाकलेलं पान उन्हात टाकलं तर रंग तडकतो. सपाट वजनाखाली सावलीत दोन दिवस ठेवलं की बहुतेक वेळा सरळ होतं.

आता फळं. आंबा, केळं, फणस, बोंडूसकट काजू, मिरची, वांगं. गौरीच्या आराशीला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला, रुखवताला यांना तोड नाही. (गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या चौकटीला, मात्र खरीच फळं बांधायची.) पूर्वापार यांना पांगाऱ्याचं लाकूड: हलकं, मऊ, कोरायला सोपं. पण ते नीट वाळलेलं नसेल तर घरी आल्यावर आकसतं आणि देठाच्या खाचेपासून चीर जाते. म्हणून एकाच मापाचे दोन आंबे दोन हातांत घ्या. एक ठळकपणे जड लागला तर त्यात ओल आहे, तो ठेवून द्या. फळ उलटं करून बूड बघा. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी म्हणजे किडा लागलेला. ते फळ परडीतल्या बाकीच्यांनाही लावेल. भेग लांबीने (पुटीने) भरली असेल तर रंगाखाली सपाट चकती जाणवते, आणि पुढे रंगाचा पापुद्रा तिथूनच सुटतो. केळ्याच्या घडात फण्या खिळ्याने जोडल्यात की डिंकाने तेही हलवून पाहावं.

ही फळं शोभेची आहेत. तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हाती तेलरंगाचा आंबा देऊ नये. त्या वयाला कातकामाचा (फिरत्या यंत्रावर कातलेला), लाखेचा खुळखुळा, भोवरा किंवा भातुकली घ्यावी. त्यात लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाने ती वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने घोटून चकाकी आणतात. वर रंगाचा जाड थर नसल्याने पापुद्रे निघत नाहीत. तरी खुळखुळ्याचा सांधा ओढून बघाच. लाखेला पाण्याचं भय नाही, पण सॅनिटायझरचं आहे: त्यातल्या अल्कोहोलने लाख विरघळते आणि खेळणं चिकट होतं. नुसत्या ओल्या फडक्याने पुसायचं आणि गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवायचं नाही.

पाट आणि चौरंग घेण्यासारखे आहेत, पण नक्षीपेक्षा पायांचे सांधे बघून. देव्हाऱ्यांत प्लायवूडचे बरेच, ते पाठीकडून ओळखू येतात. सिंधुदुर्गातल्या चित्रकलेचा दुसरा धागा बघायचा असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जावं. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या जतन करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं कला आंगण तिथंच आहे.

भावात आळीत थोडी घासाघीस चालते, फळांच्या परडीवर जास्त, हातच्या गंजिफेवर जवळजवळ नाहीच, आणि 120 पानांची मेहनत बघता ते रास्तच आहे. मनासारखा जोड तयार नसेल तर सांगून करून घेता येतो, मात्र दिवसांचा वायदा थोडा सैल धरावा. पैसे देण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: एखादं पान हरवलं तर तसंच रंगवून देणार का. त्यासाठी घरी गेल्यावर प्रत्येक रंगाची बाराही पानं पुढून-मागून फोटो काढून ठेवा. नुसतं ‘वराहाची सत्ती’ सांगून जमिनीचा नेमका तोच रंग जुळत नाही.