सर्च इंजिन बरीच आहेत, पण इंडेक्स कुणाचा ते आधी बघा

गूगल सोडून काय वापरू असं कुणी विचारलं की लोक पटापट नावं सांगतात, डकडकगो, इकोशिया, स्टार्टपेज, याहू वगैरे. नावं बरोबर आहेत, पण ह्यातल्या कुणाकडे स्वतःचा इंडेक्स, म्हणजे वेबपानांची शोधता येईल अशी साठवलेली यादी, आहे हे कुणी सांगत नाही आणि माझ्या मते रिव्ह्यू तिथूनच सुरू व्हायला पाहिजे.

वेबवरची अब्जावधी पानं स्वतःचा क्रॉलर (एकामागून एक पानं आपोआप वाचत जाणारा प्रोग्रॅम) फिरवून गोळा करायची, साठवायची, सतत ताजी ठेवायची हे प्रचंड खर्चाचं काम आहे, म्हणून बऱ्याच कंपन्या त्यात पडतच नाहीत, दुसऱ्याकडून रिझल्ट घेतात. पाट्या वेगळ्या, माल एकाच गोदामातला. याहूचे रिझल्ट मायक्रोसॉफ्टच्या बिंगचे, डकडकगोच्या साध्या लिंकाही बहुतेक बिंगच्याच, नेदरलँड्सचं स्टार्टपेज वर्षानुवर्षं गूगलचे रिझल्ट दाखवतंय. २३ मे २०२४ ला बिंग गडगडलं तेव्हा डकडकगो आणि इकोशियाही बसले, आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगची सर्च एपीआयच, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना बिंगचे रिझल्ट घेता यायचे ती सोयच, बंद केली. मोठ्यांचे वेगळे करार होते म्हणून ते टिकले, छोट्यांनी काय करायचं?

तरी डकडकगोला मी चार स्टार देतो. सर्च हिस्टरी साठवत नाही आणि ते बँग प्रकरण तर भारीच आहे, उद्गारचिन्ह टाकून साइटचं छोटं नाव लिहायचं की थेट त्या साइटवर सर्च होतं, एकदा सवय लागली की सुटत नाही.

पण मन जिंकलं ते ब्रेव्ह सर्चने. २०२१ मध्ये क्लिक्झ ह्या सर्च कंपनीच्या जुन्या टीमचं टेलकॅट नावाचं सर्च इंजिन विकत घेऊन सुरुवात केली आणि २०२३ मध्ये बिंगचा आधार पूर्ण सोडला. ब्रिटनचं मोजीक हे सर्च इंजिन त्याहून जुनं, स्वतःचाच क्रॉलर, ट्रॅकिंग नाही. इंडेक्स लहान असल्यामुळे दुर्मिळ गोष्टी शोधायला पुरत नाही पण अशी माणसं टिकली पाहिजेत असं मनापासून वाटतं. कागी ह्या सर्च इंजिनला महिन्याचे पैसे द्यावे लागतात, त्यात जाहिराती नाहीत आणि नको ती साइट रिझल्टमधून कायमची काढता येते. मात्र तेही स्वतःच्या इंडेक्ससोबत बाहेरचे रिझल्ट घेतात, हे माहीत असू द्या.

गूगलचा इंडेक्स अजूनही सगळ्यात खोल आहे ह्यात वादच नाही. पण लोक फक्त त्यामुळेच तिथे राहतात असं नाही. सफारीत डिफॉल्ट राहण्यासाठी गूगलने ॲपलला एकट्या २०२२ सालात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ही बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम विकायची सक्ती झाली नाही पण पात्र स्पर्धकांना काही सर्च डेटा द्यायला सांगितलंय आणि माझ्या दृष्टीने त्या आदेशातला सगळ्यात कामाचा भाग तोच.

काही देशांत मात्र घरचीच इंजिनं मोठी झाली. रशियात यांडेक्स १९९७ पासून, शब्दांची रूपं बदलणारी रशियन भाषा त्यांनी सुरुवातीपासूनच नीट हाताळली. चेक लोकांचं सेझनाम १९९६ चं, कोरियाचं नेव्हर १९९९ चं. चीनचं बायडू २००० चं, पण तिथे सेन्सॉरशिप असल्यामुळे त्याला स्टार द्यायची माझी इच्छा नाही.

राहिलं इकोशिया. झाडं लावतात हे चांगलंच, पण मला आवडलं ते वेगळं, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या क्वांट ह्या सर्च इंजिनबरोबर मिळून युरोपचा स्वतःचा इंडेक्स बांधायची घोषणा केली आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या काही सर्चना त्यातून रिझल्ट द्यायलाही लागले. आत्ता तीन स्टार, इंडेक्स बाकी भाषांत पसरला की चौथा लगेच देईन.