पुण्यातलं ‘फुल बॉडी चेकअप’: सातमाश्यांनी काय मागून घ्यावं

कंपनीने यंदा सगळ्यांना चेकअपचं कूपन दिलं. साडेतीन हजारांचं पॅकेज, बाणेरमधलं एक डायग्नोस्टिक सेंटर. नाव देत नाही, कारण माझी तक्रार बहुतेक सेंटरांना लागू पडेल. आधी चांगलं सांगते. वेळ पाळतात. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात हलका आहे (माझ्या शिरा सहजी सापडत नाहीत, बऱ्याचशा जन्मल्याबरोबर सलाइनला कामी आल्या). आणि रक्त दिल्यावर मिळणारा उपमा खरोखर गरम असतो.

आता तक्रार. मी 2001 साली 27 आठवड्यांची जन्मले, वजन 920 ग्रॅम. सांगलीहून पुण्याला आणलं, बरेच दिवस व्हेंटिलेटर, मग काचेची पेटी. आजी अजूनही ‘आमची सातमाशी’ अशीच ओळख करून देते. सेंटरच्या फॉर्मवर वडिलांचा डायबेटीस, काकांचा हार्ट अटॅक, तंबाखू, झोप, दिवसाला पाणी किती, सगळं विचारलंय. जन्म कितव्या आठवड्यात झाला, हे कुठेच नाही. बाळंतपणाचा रकाना आहे, पण तो माझ्या बाळंतपणांचा. मी ‘इतर’मध्ये लिहिलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, ते लहानपणीचं झालं, आता कशाला?”

कशाला ते किडनीपासून सांगते. किडनीतल्या बारीक गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, आईच्या पोटात साधारण 36व्या आठवड्यापर्यंत बनत असतात. आधीच बाहेर पडलेल्या बाळात हे काम काही आठवडे कसंबसं चालतं आणि थांबतं. पुढे आयुष्यभर नव्या बनत नाहीत. म्हणून आमच्यासारख्यांचं ब्लड प्रेशर तरुणपणीच इतरांपेक्षा थोडं वर असण्याची शक्यता जास्त. पॅकेजमध्ये क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) आहे, पण ते बिघडेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान झालेलं असतं. लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे प्रथिनाची, तपासणी वेगळी सांगावी लागली, पैसेही वेगळे. माझं नॉर्मल आलं. प्रेशर मात्र जिना चढून आल्या आल्या घेतलं आणि 142/90 लिहून मोकळे झाले. डॉक्टरांनी नंतर पाच मिनिटं बसवून, पाय जमिनीला टेकवून पुन्हा घेतलं तेव्हा 134/86. तरी घरी मशीन आणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायला सांगितलंय.

फुप्फुसांची तपासणी, स्पायरोमेट्री, या पॅकेजमध्ये नाहीच. आठशे रुपये वर भरून करून घेतली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर टेक्निशियनदादा: “फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!” लग्नातल्या बँडवाल्यालाही इतका दम कोणी देत नसेल. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला हवी, त्याच्या 68 टक्केच पडली. पंपाने औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं, फारसा फरक नाही. दादांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “सिगरेट सोडा आता, मॅडम.” मी आयुष्यात ओढलेली नाही; फुप्फुसं वेळेआधी बाहेर आली, एवढंच. रिपोर्टवरही छापून आलं: धूम्रपान टाळावे.

ब्रिटन-आयर्लंडमध्ये 1995 साली 26 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांवर ‘एपिक्युअर’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ती मुलं एकोणीस वर्षांची झाली तेव्हाही त्यांचे फुंकण्याचे आकडे वेळेवर जन्मलेल्या सोबतीच्या मुलांपेक्षा खालीच होते. म्हणजे हे नवीन काही नाही, फक्त बाणेरपर्यंत पोचलेलं नाही. लांब कशाला जा, आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी यांच्या टीमने 1987 ते 1989 मध्ये घरी सोडलेल्या, दोन किलोंच्या आतल्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी यातल्या मुलांची बुद्धी नॉर्मलच्या मर्यादेत होती, पण लिहिणं आणि गणित इथे ती मागे पडत होती. माझं अक्षर बघून बाईंनी मारलेल्या पट्ट्या आठवल्या.

कन्सल्टेशनच्या डॉक्टरांना मात्र पूर्ण गुण. “27 आठवडे? ऑक्सिजन किती दिवस होता? डोळ्यांना लेसर झालेला का?” असं विचारणाऱ्या तिथल्या त्या एकट्याच. झालेला आहे, लहानपणीच, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर. त्यामुळे नुसता तक्ता वाचून घेणारी पॅकेजमधली डोळे तपासणी आमच्या उपयोगाची नाही. बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो, कारण पडदा सुटण्याचा धोका मोठेपणीही राहतो. ते थेंब घातल्यावर गाडी चालवता येत नाही, सोबत कोणाला तरी न्या.

शेवटी ‘वेलनेस काउन्सेलिंग’. आयुष्याबद्दल समाधान, दहापैकी किती? मी नऊ दिले. एक कापला तो हिंजवडीच्या ट्रॅफिकचा. काउन्सेलर बाई फाइल चाळून म्हणाल्या, “एवढं सगळं असून नऊ?” त्यांना काय सांगणार! कॅनडात डॉ. सरोज सैगल यांनी एक किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना ती मोठी होत असताना असाच प्रश्न विचारला होता, उत्तरं 1996 साली छापून आली. अडचणी जास्त असूनही बहुतेकांनी स्वतःच्या आयुष्याला बरोबरीच्या मुलांइतकेच वरचे गुण दिले. पुढे असंही दिसलं की अशाच तब्येतीला डॉक्टर-नर्स जेवढे गुण देतात, त्यापेक्षा ही मुलं आणि त्यांचे आईवडील जास्त देतात. मला जिना चढताना दम लागतो, क्रिकेटचा चेंडू बाजूने आला तर दिसत नाही. पण नोकरी आहे, शनिवारी सिंहगड आहे (सगळ्यात शेवटी पोचते, पिठलं-भाकरी तेवढीच खाते), मग नऊ का नाही?

पाचपैकी तीन तारे. दोन फॉर्मसाठी कापले. सातमाश्या असाल तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांची भेट तपासण्यांच्या आधी मागा, आणि स्पायरोमेट्री बुकिंग करतानाच सांगा, ते मशीन रोज चालू नसतं. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पार्किंग तळघरात आहे, दुचाकीला फुकट.